सोमवारी फेस का बसतो

पालमला आमचं पीव्हीसी पाइप, ठिबकचं सामान आणि पाणबुडी मोटारींचं दुकान आहे. नवरा शेतावर जोडण्या करत फिरतो आणि दुकानात मी बसते. बावीस वर्षं झाली. गिऱ्हाइकाचं तोंड बघून ही मोटार सांगते, असं नवरा लोकांना सांगतो. ते खरं नाही. मी बोअरची खोली विचारते. तोंड बघून एवढंच कळतं, की माणूस माल घेणार आहे की नुसती चौकशी करून गंगाखेडला जाणार आहे.

समुद्राच्या माशांशी माझा संबंध यायचं काही कारण नव्हतं. आमच्या भागात मासे म्हणजे गोदावरीतले, नाहीतर तलावातले. पण मुलगी मत्स्यशास्त्र शिकली आणि शेवटच्या वर्षाला असताना तिनं आमच्या बाहेरच्या खोलीत तीन फुटी काचेची टाकी मांडली. फिल्टरचं पाणी आणायचं, त्यात पोत्यातून मिळणारं खास मीठ मोजून विरघळवायचं आणि समुद्र तयार करायचा. त्यात तिनं थोडे दगड रचले आणि तीन मासे सोडले. दोन नारंगी, अंगावर पांढरे पट्टे असलेले. एक निळा.

जूनमध्ये तिला कोकणात कोळंबीच्या प्रकल्पावर नोकरी लागली. तिथं एका खोलीत तिघी मुली राहायच्या. टाकी कुठं नेणार?

"आई, दोन-तीन महिने बघशील ना? रोज चिमूटभर खाणं आणि आटलेलं पाणी तेवढं भरायचं."

मी हो म्हटलं. बोअरला बसवलेल्या मोटारीपेक्षा मासे सांभाळणं सोपंच असेल, असं वाटलं.

पहिला महिना ठीक गेला. मग पाणी पिवळं पडायला लागलं. वरती तवंग येऊ लागला. दगडांवर तपकिरी शेवाळ चढलं आणि खोलीत वास सुटला. ताक नासल्यावर येतो तसा वास, त्यात थोडं गंजकं काहीतरी. आषाढात निळा मासा मेला. उरलेल्या दोघांतला मोठा सारखा वरच्या बाजूला तोंड काढून भराभरा श्वास घ्यायचा. मी मुलीला फोनवर व्हिडिओ पाठवला.

"पाणी खराब झालंय गं," ती म्हणाली. "बदललंस का?"

"दोनदा. मीठ संपत आलंय."

"नुसतं बदलून नाही भागायचं. स्किमर पाहिजे. आणि तो आपल्याला परवडणारा नाही." मग म्हणाली, "आई, तुला नाही जमणार ते. नांदेडच्या दुकानदाराशी मी बोललेय. महालक्ष्म्यांना मी येते तेव्हा डबा घेऊन येते आणि दोन्ही मासे त्याला देऊन टाकते. तोवर जगले तर."

सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी त्यात आपली भर घातली. आमच्याकडे महालक्ष्म्या बाहेरच्या खोलीत बसतात, टाकीच्या समोरच्या भिंतीला.

"बरं झालं. ह्या वासात महालक्ष्म्या बसवायच्या का? बाहेर मेला उंदीर पडल्यागत वास यायलाय. आल्यागेल्या सवाष्णी काय म्हणतील?"

माशांचा मला फार लळा लागला होता, असं म्हणणार नाही. सकाळी चहा घेऊन टाकीसमोर बसले की मोठा मासा काचेपाशी येऊन उभा राहायचा, एवढं खरं. पण 'तुला नाही जमणार' हे वाक्य मी दुकानात बसायला लागले तेव्हा दिरांनी ऐकवलं होतं, मोटारीचं वायंडिंग शिकले तेव्हा नवऱ्यानं ऐकवलं होतं, आणि आता मुलगी ऐकवत होती. महालक्ष्म्यांना सात आठवडे होते. तेवढ्यात वास गेला पाहिजे आणि मासे जगले पाहिजेत. नाहीतर टाकी रिकामी होणार, हे ठरलेलं होतं.

स्किमर म्हणजे काय, ते मी दोन दिवस फोनवर वाचलं, व्हिडिओ बघितले. विकतच्याची किंमत पाहिली. तेवढ्यात एक चांगली पाणबुडी मोटार येते, आणि मोटार निदान पाणी तरी वर आणते. पण आतली रचना बघितली आणि मला हसूच आलं. एक उभा नळ. त्यात खालून बारीक बुडबुडे सोडायचे. माशांची घाण, उरलेलं खाणं, पाण्यात विरघळलेलं असलं सगळं बुडबुड्यांना चिकटतं आणि फेस होऊन वर चढतं. वर एक पेला असतो, त्यात फेस सांडतो आणि त्याचं काळपट पाणी होऊन साचतं. ते फेकून द्यायचं. झालं.

माझं माहेर राणीसावरगावचं. लहानपणी आमच्याकडे गुऱ्हाळ चालायचं. काहिलीत रस उकळायला लागला की सगळी मळी फेसाबरोबर वर येते आणि वडील ती झाऱ्यानं काढून टाकायचे. मळी नीट काढली नाही तर गूळ काळा होतो. हे तेच होतं. फक्त खाली जाळ नव्हता आणि वरून गूळ मिळणार नव्हता.

आमच्या धंद्याला पावसाळ्यात सुट्टीच असते. शेतात पाणी असताना पाइप कोण घेतो? दुकानाच्या मागे तुकड्यांचा ढीग पडलेला असतो, त्यातून तीन इंची पाइपाचा दोन फुटांचा तुकडा काढला. बूड बंद करायला टोपण. बाजूला पाणी आत घ्यायला एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, खालून पाणी बाहेर काढायला दुसरा टी आणि त्याला एक कॉक. वरचं तोंड अरुंद करायला रिड्यूसर. फेस दिसायला हवा म्हणून गळ्याच्या जागी पारदर्शक बाटलीचा तुकडा, आणि त्यावर पेला म्हणून शेवेची रिकामी प्लास्टिकची बरणी, बुडाला भोक पाडून. टाकीतून पाणी उचलायला जुन्या कूलरचा छोटा पंप. त्याच्या आत लोखंडी दांडा नाही, हे आधी उघडून पाहिलं. खाऱ्या पाण्यात लोखंड महिनाभर टिकत नाही आणि गंज माशांना चालत नाही.

मी जोडांना चिकटवायचं सोल्युशन लावत होते तेव्हा नवरा आला.

"काय करायलीस?"

"स्किमर."

"ते काय आसतंय?"

"पाण्यातली मळी काढायचं."

"पाण्याला कुठं मळी आसती?" तो ढिगातला एक तुकडा उचलून म्हणाला. "खामखा पाइप वाया घालायलीस."

"हे तुकडे दोन वर्षं मागं पडलेत. तवा तुमाला वाया गेल्यागत दिसले न्हाईत?"

पाइप घ्यायला आलेले एक म्हातारे शेतकरी बाकावर बसून सगळं बघत होते. त्यांनी विचारलं, "वैनी, ह्ये कोन्त्या पिकाला लावायचं?"

"पिकाला न्हाई, दादा. खाऱ्या पाण्याला."

"मग आमच्याच बोअरला बसवा की. निस्तं खारं पाणी हाय."

नवरा त्या दिवशी येईल त्या प्रत्येकाला हे सांगत सुटला.

पहिली चूक मी माझ्या धंद्यातलीच केली. ठिबकमधून खत सोडायला शेतकरी एक छोटी वस्तू लावतात, तिला व्हेंचुरी म्हणतात. पाणी जोरानं गेलं की ती बाजूच्या नळीतून खताचं पाणी आपोआप ओढून घेते. खताऐवजी ती हवा ओढेल आणि बुडबुडे फुकटात होतील, असा माझा हिशोब होता. फळीवरची एक कोरी व्हेंचुरी घेतली. बादलीत खारं पाणी भरून पंप चालू केला. व्हेंचुरीनं काहीच ओढलं नाही. फुंकर घातली तर उलट तिच्यातूनच पाणी बाहेर आलं. पाच एचपीच्या मोटारीवर चालणारी वस्तू कूलरच्या पंपावर चालेल असं मला वाटलं, हे कुणी गिऱ्हाइकानं विचारलं असतं तर मीच त्याला हसले असते.

मग मुलीच्या हवेच्या पंपाला लावायच्या दगडावर आले. हा बाजारात मिळणारा दगड असतो, त्यातून हवा फुटून बुडबुडे येतात. ते हरभऱ्याएवढे होते. व्हिडिओत होते ते मोहरीपेक्षा बारीक, दुधासारखं पांढरं पाणी दिसावं असे. त्यासाठी लाकडाचा तुकडा लागतो, असं कळलं. लाकडाच्या आतल्या बारीक नळ्यांतून हवा जाते. बाभूळ लावून बघितली. घट्ट. एक बुडबुडा नाही. कडुनिंब लावणार होते, पण त्याचा कडू रस पाण्यात उतरला तर उरलेले दोन मासेही जातील म्हणून ठेवून दिला.

गच्चीवर बैठक फाटलेली एक वेताची खुर्ची पडली होती. लहानपणी आम्ही पोरं वेताचा तुकडा तोंडात धरून फुंकर मारायचो आणि दुसऱ्या टोकाला हवा आली की कोण जास्त जोरात फुंकतं यावर भांडायचो. ते आठवलं आणि मी खुर्चीचा पाय करवतीनं कापला. साल आणि पॉलिश तासून काढलं. दोन इंचांचा तुकडा नळीत घट्ट बसवला, खाऱ्या पाण्याच्या बादलीत बुडवला आणि हवा सोडली. पाणी पांढरं झालं. मी हाक मारून नवऱ्याला दाखवलं.

"दुधाचा धंदा काढायलीस का?" तो म्हणाला. पण वाकून दोनदा बघितलं त्यानं.

दुसऱ्या बादलीत मी गोडं पाणी घेऊनही तपासलं, खात्रीसाठी. गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांना भेटून मोठे होतात. खाऱ्यात ते वेगळे राहतात. म्हणून हे यंत्र तलावातल्या माशांच्या कामाचं नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वाचलंही नव्हतं. दोन बादल्या शेजारी ठेवल्या आणि दिसलं.

जोडलेला सांगाडा दोन दिवस वाळवला. मग टाकीतलं जुनं पाणी बादलीत काढून त्यावर चाचणी घेतली. थेट टाकीला लावायचं नाही, एवढी अक्कल मी व्हेंचुरीकडून शिकले होते. पंप चालू केला आणि पाच मिनिटांत फेस गळ्यातून वर चढला, बरणीत सांडला, बरणी भरून स्टुलावर, स्टुलावरून फरशीवर. सासूबाई पदर वर धरून मागे सरकल्या.

"अगं माय, हे काय उतू चाललंय?"

मी आनंदानं मुलीला व्हिडिओ काढून पाठवणार होते. फोन हातात घेतला आणि फेसाकडे नीट बघितलं. पांढराशुभ्र. टाकीतली घाण इतकी पांढरी कशी असेल? बोटावर घेऊन वास घेतला. लिंबू. भांडी घासायच्या पावडरीचा. शेवेच्या बरणीचा तेलकटपणा जावा म्हणून मी ती तीन वेळा पावडरीनं घासली होती आणि चांगली गृहिणी म्हणून पाइपही आतून घासला होता. ते जर थेट टाकीला लावलं असतं तर महालक्ष्म्यांची वाट बघावीच लागली नसती.

दोन दिवस नुसतं पाणी भरून ओतून सगळं धुतलं. आता फेस येईना. आतून पाइप कोरा असला की त्यावर पातळ चिकट थर बसेपर्यंत फेस धरत नाही, असं मुलीनं फोनवर सांगितलं. ती वेगळंच काहीतरी विचारत होती, मी हा प्रश्न मधेच घातला.

"आई, तू स्किमर बनवायलीस का?"

"बघायले."

"बरं," ती म्हणाली. तिला हसू येत होतं हे कळत होतं. "डबा मी आणतेच तरी."

टाकीशेजारी स्टुलावर यंत्र उभं केलं. सकाळी चालू, रात्री चालू, लाइट गेली की बंद. चौथ्या दिवशी गळ्यात फेस उभा राहिला. पांढरा नाही, मळकट. पाचव्या दिवशी बरणीत एक बोट काळपट हिरवं पाणी होतं आणि त्याचा वास असा की नवरा जेवणाचं ताट घेऊन आतल्या खोलीत गेला. मला त्या वासाचं बरं वाटलं. तो आता बरणीत होता, टाकीत नव्हता. आमच्या घरात त्या पाण्याला मळीच म्हणायला लागले.

रोज संध्याकाळी दुकान बंद करून आले की बरणीत किती बोटं मळी आहे ते बघायचं, कॅलेंडरच्या त्या दिवसाच्या चौकोनात लिहायचं आणि बरणी धुऊन लावायची. पावडर न लावता. दोन बोटं. दोन बोटं. दीड. पाणी थोडं निवळलं. मोठा मासा वर तोंड काढायचा कमी झाला. आणि मग एका दिवशी शून्य. गळ्यात फेसच नव्हता. पंप चालू, हवा चालू, पाणी पांढरं, पण फेस म्हणून काही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर तो आपोआप परत आला.

लाइटीचा काहीतरी खेळ असेल म्हणून सोडून दिलं. पुढच्या आठवड्यात परत तेच. कॅलेंडर बघितलं तर दोन्ही शून्यं एकाखाली एक होती. दोन्ही सोमवार.

यंत्राला वार कळत नाही. मोटारीच्या धंद्यात एक नियम आहे, बिघाड ठरावीक वेळेला होत असेल तर तो मोटारीत नसतो, माणसात असतो. शेजारी ठरावीक वेळेला आपला पंप लावतो, म्हणून तुमच्याकडे दाब पडतो. पण इथं शेजारी कोण होता?

मी फेस बसण्यावर विचार करत राहिले. फेस बसतो कशानं? आणि वडील आठवले. काहिलीतला रस उतू जायला लागला की ते एका काडीला तेलात बुडवायचे आणि फेसावर दोन थेंब शिंपडायचे. एवढा वर आलेला फेस झटक्यात खाली बसायचा. आम्हा पोरांना ती जादू वाटायची.

तेल. टाकीत कुठून तरी तेल येत होतं. पहिला संशय शेवेच्या बरणीवर गेला. ती काढून कोरी बरणी लावली. तिसऱ्या सोमवारी मात्र मी संध्याकाळची वाट बघितली नाही. अकराच्या सुमारास दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि घरी आले. घर दुकानाच्या मागच्याच गल्लीत आहे.

सासूबाई टाकीसमोर पाटावर बसल्या होत्या. मांडीवर वाटी. वाटीत कणकेच्या बारीक गोळ्या, तेलाच्या हातानं वळलेल्या, छान चकचकीत. एकेक गोळी पाण्यात सोडत होत्या आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत होत्या. मोठा मासा गोळी तोंडात घ्यायचा आणि थुंकून टाकायचा. ती दगडामागे जाऊन पडायची.

"आत्याबाई, काय करायलात?"

त्या दचकल्या नाहीत. "दिसंना का? माशाला घालायले."

"कवापासून?"

"पोरगी गेल्यापून. दर सोमवारी."

सासूबाई पूर्वी दर सोमवारी गंगाखेडला जायच्या. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. घाटावर बसून माशांना कणकेच्या गोळ्या घालायच्या, ओंजळभर पाणी डोळ्यांना लावायच्या आणि दुपारच्या गाडीनं परत यायच्या. दोन वर्षांपूर्वी गुडघे गेले आणि ते बंद झालं. बंद झालं, एवढंच मला माहीत होतं. त्यापुढं मी विचारलं नव्हतं.

"कणकेत तेल किती घालता?"

"घालतेच की. तेलाबिगर गोळी मऊ राहती का? पाण्यात फुटून जाती."

"आत्याबाई, हे मासे कणीक खात न्हाईत."

"गंगेचे खात्यात. ह्ये कोन लागून गेले?"

"ते थुंकून टाकायलेत बघा. सगळ्या गोळ्या दगडामागं सडायल्यात. निळा मासा मेला तो ह्यानंच."

हे मी बोलायला नको होतं, निदान तसं नको होतं. पण खरं होतं. त्यांचा हात वाटीवर थांबला. मी बादली आणली, नळी आणली, दगड उचलले. दगडांमागे मुठीएवढा करडा गोळा साचला होता, लिबलिबीत, वरती पांढरी बुरशी. नळीनं तो बादलीत ओढून घेतला तेव्हा वास असा सुटला की मी श्वास धरला. बादली सासूबाईंनी धरली होती. त्यांनी तोंड फिरवलं नाही. बराच वेळ आत बघत राहिल्या.

"मेल्या उंदरागत वास म्हनत होते मी, तो ह्योच?"

"ह्योच."

"मग आदी सांगायचं न्हाई का?"

"मला म्हाईत आसतं तर सांगितलं आसतं."

"तुला म्हाईत न्हाई? दुकानात बसून सगळ्या तालुक्याच्या बोअरचं पाणी वळकतीस म्हनं."

बादली उचलून मागे नेली. खारं पाणी झाडाला घालता येत नाही म्हणून मोरीत ओतली आणि वरून दोन बादल्या पाणी मारलं. परत आले तेव्हा त्या तिथंच पाटावर बसलेल्या होत्या. वाटीतल्या उरलेल्या गोळ्या बोटानं एकत्र करत होत्या.

"मला यष्टीची पायरी चढवत न्हाई," त्या टाकीकडे बघत म्हणाल्या. "मग सोमवार कुठं करायचा?"

नवरा दर सोमवारी मालासाठी टेम्पो घेऊन गंगाखेडला जातो. जाताना शेजारची सीट रिकामी असते. दोन वर्षांत हे मला, त्याला किंवा त्यांना, कुणालाच सुचलं नव्हतं. संध्याकाळी तो आला तेव्हा मी त्याला विचारलं नाही, सांगितलं.

"टेम्पोची पायरी यष्टीहून उंच हाय," तो म्हणाला.

"दुकानात क्रेट हाय. उलटा ठिवला की पायरी होती."

"घाटावर किती येळ बसती ती? माझा माल?"

"माल भरायला तुमाला दोन तास लागतात. तेवढ्यात आत्याबाईंचे मासे जेवून होतील."

तो दुकानातून क्रेट आणायला उठला, याचा अर्थ हो.

त्यानंतर पंधरा दिवस मी एवढंच केलं. दोनदा थोडं थोडं पाणी बदलून उरलेलं मीठ संपवलं, वेताचा तुकडा दहाव्या दिवशी फुगून बंद पडायला लागला तेव्हा खुर्चीच्या दुसऱ्या पायाचा नवीन कापून लावला आणि कॅलेंडरवर बोटं लिहीत राहिले. तीन बोटं. तीन. साडेतीन. मळी आता चहासारखी गडद यायला लागली. काचेतून पलीकडची भिंत दिसायला लागली. खाणं घालायचं काम मी सासूबाईंना दिलं. डब्यातल्या कोरड्या खाण्याचा एक छोटा चमचा, दिवसातून एकदा. पहिल्या दिवशी त्यांनी चमच्याकडे बघून म्हटलं, "एवढ्यात पुण्य पन एवढंच मिळंल." पण एवढंच घातलं. मोजून.

मुलगी महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी आली. परभणीला रेल्वेनं, तिथून यष्टीनं. एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात थर्माकोलचा डबा. दारात चप्पल काढली आणि थांबली. श्वास घेतला, परत घेतला. आम्ही तिघंही तिच्याकडे बघत होतो. ती सरळ टाकीपाशी गेली.

आधी मासे बघितले. मग यंत्र. वरून खालून, कॉक फिरवून, बाटलीच्या गळ्यावर बोट फिरवून.

"इथं सिलिकॉन लावायचं असतं."

"गळायलंय का?"

"नाही."

"मग?"

तिनं बॅगेतून तपासणीच्या छोट्या बाटल्या काढल्या. टाकीचं पाणी नळीत घेऊन थेंब टाकले आणि रंगाच्या कागदाशी जुळवत खिडकीत उभी राहिली. नवरा उगीच वर्तमानपत्र चाळत होता. सासूबाई फुलं निवडत होत्या, पण फुलं हातातच होती.

"अमोनिया नाही," ती म्हणाली. मग दुसरी नळी. "नायट्रेट अजून जास्त आहे."

"किती?"

"जास्त आहे. पण उतरेल." तिनं बरणी काढली, आत डोकावली आणि झटकन तोंड बाजूला घेतलं. "आई गं! हे रोजचं?"

"रोजचं. सोमवार सोडून," नवरा म्हणाला.

"सोमवारी काय?"

सासूबाईंनी फुलांचं ताट जरा जोरात खाली ठेवलं. "सोमवारचं आता काय न्हाई," त्या म्हणाल्या. "आता सोमवारीबी बरणी भरती."

मुलीनं फोन काढला आणि नांदेडच्या दुकानदाराला लावला. मासे देत नाही म्हणाली. त्यानं काय विचारलं कळलं नाही. ती म्हणाली, "नाही, विकत नाही आणला. घरी केलाय. आईनं." मग माझ्याकडे बघून विचारलं, "बुडबुड्यांना काय वापरलंस?"

"खुर्ची."

थर्माकोलचा डबा सासूबाईंनी घेतला. महालक्ष्म्यांच्या करंज्या त्यात कुरकुरीत राहतात म्हणाल्या. टाकीशेजारी करंज्या ठेवायच्या नाहीत, तेलाचा हात टाकीला लावायचा नाही, हे मी तीनही दिवस येणाऱ्या प्रत्येक सवाष्णीला सांगत होते. सासूबाई माझ्याही आधी सांगत होत्या. कुणाच्या नाकाला पदर गेला नाही. मी लक्ष ठेवून होते.

महालक्ष्म्या उठल्यावर दुसऱ्या दिवशी मुलगी परत गेली. जाताना यंत्राचा फोटो काढून नेला, त्यांच्या प्रकल्पावरच्या साहेबांना दाखवायला. पुढच्या सोमवारीही सासूबाई उलट्या क्रेटवर पाय ठेवून टेम्पोत बसल्या, वाटी कापडात बांधून. दुपारी घाटावरून आल्या आणि हात साबणानं धुऊन थेट बाहेरच्या खोलीत गेल्या. संध्याकाळी मी दुकानातून आले तेव्हा बरणी त्यांनीच काढून हातात धरली होती, उजेडात, आणि आपलं बोट आडवं लावून मोजत होत्या. त्यांची बोटं माझ्यापेक्षा जाड आहेत, म्हणून मी परत मोजलं आणि कॅलेंडरवर लिहिलं. सोमवार, तीन बोटं.